महागडं कार्ड बसवूनही टाइमलाइन अडखळते: सांगलीतल्या एका स्टुडिओचं प्रकरण

विश्रामबागेतल्या एका व्हिडिओ स्टुडिओची तक्रार होती: नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, तरी चार कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र लावलं की टाइमलाइन, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फुटेज ओळीने मांडायची जागा, चालत नाही. प्ले दाबलं की दोन-तीन सेकंद चित्र हलतं, मग थिजतं, आवाज मात्र पुढे जात राहतो. प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवर आपण कुठे आहोत ते दाखवणारी खूण, मागे ओढला तर चित्र यायला इतका वेळ लागतो की कट कुठे घ्यायचा होता तेच विसरायला होतं. स्टुडिओच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचा हिशोब सरळ होता. कार्ड बारा जीबीचं, साडेतीन हजार कोअरचं, आणि विकणाऱ्याने "फोर-के आरामात चालेल" असं सांगितलेलं. तरी चालत नाही, म्हणजे कार्डच सदोष. ते परत करून आणखी वरचं घ्यायच्या तयारीत ते होते.

कार्ड ठणठणीत होतं. नव्या कॅमेऱ्यांचं फुटेज उलगडणं हे काम मात्र त्या कार्डाच्या यादीतच नव्हतं, आणि हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं, घेणाऱ्यानेही विचारलं नव्हतं. एडिटिंगची यंत्रं जोडण्या-दुरुस्त करण्याच्या कामात मला सांगली, मिरज, जयसिंगपूर भागात हीच जुळणी पुन्हा पुन्हा दिसते. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

यंत्र आणि काम

यंत्रात इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ प्रोसेसर, सहा कोअरचा. ३२००च्या वेगाची डीडीआर-४ रॅम १६ जीबी, एकाच पट्टीत. एनव्हीएमई एसएसडी. कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०. एडिटिंग प्रीमियर प्रो या सॉफ्टवेअरमध्ये. प्रोसेसरच्या क्रमांकातलं शेवटचं 'एफ' हे अक्षर पुढे फार महत्त्वाचं ठरणार आहे.

स्टुडिओचं पोट लग्नांवर चालतं, पण अण्णांचा जीव नाटकांच्या चित्रीकरणात आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे 'सीतास्वयंवर' केलं, त्या गावात नाटक चित्रित करणं हे ते पैशाचं काम मानत नाहीत. पूर्वी स्टुडिओ गावभागात होता. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात हार्ड डिस्क पाण्यात गेल्या आणि जुन्या नाटकांची कितीतरी चित्रीकरणं त्यांच्यासोबत गेली. तेव्हापासून मूळ फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या जागी ठेवायचं हा इथला नियम आहे. म्हणजे फुटेजचा आकार वाढला की खर्च दुप्पट वाढतो.

या वेळचं काम होतं ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाच्या आसपास झालेलं, अडीच तासांचं एक संगीत नाटक. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि मग नाटकाला हात लावायला कुणाला सवड नसते. त्यामुळे घाई होती.

जुनं पळतं, नवं अडतं

एडिटिंग अण्णांची पुतणी करते. तिच्या एका वाक्याने निम्मा तपास संपवला. "काका, तो जुना कॅमेरा हाय न्हवं, त्याचं फुटेज एकटं लावलं की सुळसुळीत पळतंय. नव्या कॅमेऱ्यांचंच अडतंय. आणि अण्णा म्हणत्यात नव्या कॅमेऱ्याची कार्डं डुप्लिकेट हायत."

ही निरीक्षणाची खरी पद्धत. चारही फायली एमपी-फोर, चारही फोर-के. डिस्क तीच, कार्ड तेच, सॉफ्टवेअर तेच. स्वस्तातल्या, जुन्या कॅमेऱ्याचं फुटेज पळतं आणि महाग कॅमेऱ्यांचं अडतं, तर फरक फायलींच्या आत आहे. मेमरी कार्ड बनावट असतं तर फुटेज चित्रीकरणाच्या वेळीच तुटलं असतं. एकदा ते एसएसडीवर उतरल्यावर त्या कार्डाचा टाइमलाइनशी काही संबंध उरत नाही.

मीडियाइन्फो नावाचं मोफत साधन आहे. त्यात चारही फायली उघडल्या. पुढच्या नोंदींत एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करायच्या रीती, बिटांचा आकडा म्हणजे छटांच्या पायऱ्या किती बारीक ते, आणि ४:२:० किंवा ४:२:२ म्हणजे रंग किती दाट नोंदवलाय ते. जुना कॅमेरा: एच.२६४, ८-बिट, ४:२:०. स्टुडिओचे दोन नवे कॅमेरे: एच.२६४, १०-बिट, ४:२:२, सेकंदाला १४० मेगाबिट, २५ फ्रेम. चौथा कॅमेरा त्या दिवसापुरता भाड्याने आणलेला, तो चालवणाऱ्याने स्वतःच्या सवयीप्रमाणे लावलेला: एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, १०-बिट, ४:२:२, ५० फ्रेम.

मग विंडोजमधला टास्क मॅनेजर. परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, निवडला की एकाच कार्डाचे वेगवेगळे आलेख दिसतात: थ्री-डी, कॉपी, व्हिडिओ एन्कोड, व्हिडिओ डिकोड. बहुतेक लोक डाव्या बाजूची एकच टक्केवारी बघतात आणि समाधान मानतात. बघायचा तो व्हिडिओ डिकोडचा आलेख. जुन्या कॅमेऱ्याची क्लिप लावली, तो आलेख वर चढला, प्रोसेसर निवांत. नव्या कॅमेऱ्याची लावली, आलेख शून्यावर सपाट आणि प्रोसेसरची सगळी घरं भरलेली. भाड्याच्या कॅमेऱ्याचंही तसंच. एक क्लिप एकटी असली की सहा कोअर तिला कशीबशी ओढून नेत होते, म्हणून नुसत्या प्लेअरमध्ये फुटेज बघताना कुणाला शंका आली नव्हती. तीन एकत्र आल्या की प्रोसेसरचा दम संपत होता.

अण्णांचा प्रश्न रास्त होता. "मग एक्सपोर्ट कसं काय झटक्यात होतंय? कार्ड घातल्यापासनं ते तर निम्म्या वेळात होतंय की."

कार्डाच्या आतली वेगळी खोली

ग्राफिक्स कार्डावर व्हिडिओची तीन वेगळी कामं होतात आणि ती तीन वेगळ्या ठिकाणी होतात. रंग सुधारणं, चित्र लहान-मोठं करणं, इफेक्ट लावणं हे त्या हजारो कोअरचं काम. आरटीएक्स ३०६०मध्ये असे ३५८४ कोअर आहेत. शेवटची फाइल दाबून लहान करणं हे एन्कोडरचं काम. एनव्हिडिया त्याला एनव्हीएन्क म्हणते. आणि कॅमेऱ्याची दाबलेली फाइल उलगडून पूर्ण चित्रं बाहेर काढणं हे डिकोडरचं, म्हणजे एनव्हीडेकचं काम. एन्कोडर आणि डिकोडर हे चिपवर कायमचे कोरलेले स्वतंत्र भाग आहेत. कोअर वाढले म्हणून ते वाढत नाहीत. अण्णांचं एक्सपोर्ट वेगात होत होतं कारण इफेक्ट आणि एन्कोडर, दोन्ही कामं कार्ड मनापासून करत होतं. टाइमलाइन अडत होती ती तिसऱ्या कामावर.

मग डिकोडिंगसाठी त्या ३५८४ कोअरांनाच का लावत नाहीत? हा प्रश्न पुतणीने विचारला आणि तो या विषयाचा गाभा आहे. एच.२६४ आणि एचईव्हीसीमध्ये शेवटच्या टप्प्यावर बिट दाबण्याची जी रीत वापरतात तिला कॅबॅक म्हणतात. तिच्यात पुढच्या बिटाचा अर्थ आधीच्या बिटांवरून काढलेल्या शक्यतांवर ठरतो. आधीचं उलगडल्याशिवाय पुढचं उलगडत नाही. दोऱ्याचं रीळ जसं एका टोकापासूनच सोडवावं लागतं, हजार माणसं मदतीला आली तरी मधून धरता येत नाही, तसं. ग्राफिक्स कोअरची सगळी ताकद एकाच वेळी हजारो सुटी कामं करण्यात असते, आणि इथे सुटी कामंच मिळत नाहीत. त्यापुढचे टप्पे, म्हणजे आधीच्या फ्रेममधले तुकडे उचलून नव्या जागी बसवणं, ठोकळ्यांच्या कडा गुळगुळीत करणं, हे बऱ्यापैकी वाटून घेता येतात. पण पहिलं दार अरुंद असल्यावर मागच्या रुंद रस्त्याचा उपयोग होत नाही. म्हणूनच २००७च्या सुमाराला एनव्हिडिया आणि तेव्हाच्या एटीआयने एच.२६४ पूर्णपणे उलगडणारे स्वतंत्र भाग चिपवर आणले, आणि २०११मध्ये इंटेलने सँडी ब्रिज पिढीपासून क्विक सिंक नावाने प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये तीच सोय दिली.

असा कोरलेला भाग वेगवान असतो, वीज कमी खातो, आणि हट्टी असतो. तो जे स्वरूप ओळखतो तेच घेतो. ड्रायव्हर सॉफ्टवेअरला आपली यादी सांगतो: ही स्वरूपं मी उलगडतो. फाइल यादीत नसेल तर सॉफ्टवेअर काही न बोलता ती प्रोसेसरकडे ढकलतं. इशारा येत नाही, लाल अक्षरं दिसत नाहीत. या गुपचूप बदलामुळेच लोक वर्षानुवर्षं चुकीच्या वस्तूला दोष देत राहतात.

आरटीएक्स ३०६०च्या यादीत काय आहे? एच.२६४ फक्त ८-बिट ४:२:०. एचईव्हीसी ८-बिट आणि १०-बिट ४:२:०, शिवाय ४:४:४. एव्ही-वन हे नवं स्वरूपसुद्धा. ४:२:२ कुठेच नाही, आणि एच.२६४ तर १०-बिटमध्ये कोणत्याच प्रकारे नाही. कारण उघड आहे. हे डिकोडर सिनेमे, मालिका, यूट्यूब बघण्यासाठी घडवले गेले, आणि ते जग पूर्णपणे ४:२:०चं आहे. ४:२:० म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा उजेड वेगळा नोंदवायचा, पण रंग चार पिक्सेलांत मिळून एकदाच. ४:२:२मध्ये दर दोन पिक्सेलांमागे रंगाची एक नोंद. माणसाच्या डोळ्याला रंगातला बारकावा उजेडापेक्षा कमी कळतो, त्यामुळे बघण्यापुरतं ४:२:० पुरतं. ४:२:२ हे एडिटिंग करणाऱ्यांचं स्वरूप. ते स्वस्त कॅमेऱ्यांत आलं आणि कार्डांच्या याद्या मागे राहिल्या. एनव्हिडियाने एच.२६४ आणि एचईव्हीसी दोन्हींसाठी ४:२:२ उलगडण्याची सोय आणली ती ब्लॅकवेल पिढीत, म्हणजे २०२५च्या सुरुवातीला आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेत. अण्णांनी त्यांच्या कार्डाऐवजी ४० मालिकेतलं सगळ्यात महाग कार्ड आणलं असतं, तरी हे फुटेज तसंच अडलं असतं.

एफ अक्षराची किंमत

इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सची यादी इथे वेगळी आहे. अकराव्या पिढीपासून डेस्कटॉपच्या प्रोसेसरमध्ये आलेल्या एक्सई ग्राफिक्सचं क्विक सिंक १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी उलगडतं. बाराव्या पिढीतही ते आहे. आणि 'एफ' अक्षराचा प्रोसेसर म्हणजे ज्यातलं हे ग्राफिक्स बंद करून टाकलंय तो. थोडा स्वस्त मिळतो. मोठं कार्ड घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार अगदी प्रामाणिकपणे सांगतो की कार्ड आहेच, मग आतल्या ग्राफिक्सचे पैसे कशाला भरता. गेम खेळणाऱ्यासाठी हा सल्ला अगदी बरोबर आहे. या स्टुडिओसाठी त्याच सल्ल्याने एकमेव उपयोगी डिकोडर यंत्राबाहेर राहिला.

पण इथेही पूर्ण सुटका नव्हती. बाराव्या पिढीचं क्विक सिंक एचईव्हीसीचं ४:२:२ घेतं, एच.२६४चं १०-बिट ४:२:२ घेत नाही. म्हणजे प्रोसेसर बदलला तरी भाड्याच्या कॅमेऱ्याचं फुटेज पळणार, आणि अण्णांच्या स्वतःच्या दोन कॅमेऱ्यांनी घेतलेलं अडीच तासांचं नाटक तसंच अडणार. हे मी पैसे खर्च होण्याआधी स्पष्ट सांगितलं, कारण असल्या ठिकाणी अर्धं सांगितलेलं खरं हे खोट्याइतकंच महाग पडतं.

समोर असलेले रस्ते

पहिला: आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड. दोन्ही स्वरूपांचा प्रश्न एका फटक्यात मिटला असता. पण नुकतंच घेतलेलं कार्ड विकायचं, नवं घ्यायचं, आणि हंगामाच्या तोंडावर मोठी रक्कम अडकवायची.

दुसरा: प्रॉक्सी. मूळ फुटेजची हलकी प्रत बनवायची, कट तिच्यावर करायचे, शेवटी मूळ फुटेज जोडून एक्सपोर्ट. प्रोरेस ४२२ प्रॉक्सी हे स्वरूप १०८० रेषांवर, २५ फ्रेमना सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट घेतं, म्हणजे तासाला १७ जीबी. मूळ १४० मेगाबिटचं फुटेज तासाला ६३ जीबी. दोन कॅमेऱ्यांचं अडीच तासांचं नाटक म्हणजे प्रॉक्सीचे साधारण ८६ जीबी. हे परवडण्यासारखं आहे, आणि प्रॉक्सी दोन जागी जपायची गरज नसते, काम झालं की पुसली. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे प्लेहेड मागे ओढतानाही ती लगेच येते. लोक म्हणतात प्रॉक्सी बनवायला वेळ जातो. जातोच. जड फुटेज प्रोसेसरला एकदा पूर्ण उलगडावंच लागतं. फरक इतका की ते एकदा, रात्री, कुणी समोर नसताना होतं. एरवी तेच काम दर वेळी प्लेहेड हलवला की नव्याने होतं.

तिसरा: प्रोसेसर बदलणं. मदरबोर्ड तोच राहतो, कारण प्रोसेसर बसवायचा साचा, म्हणजे सॉकेट, तोच. मी १२४००च्या ऐवजी १२५०० सुचवला. दोघांनाही सहाच कोअर, दोघांतही ग्राफिक्स. पण १२४००मधल्या यूएचडी ७३०मध्ये व्हिडिओचं इंजिन एक आहे आणि १२५००मधल्या यूएचडी ७७०मध्ये दोन. अनेक कॅमेरे एकत्र लावणाऱ्याने हा फरक सोडू नये.

चौथा रस्ता फुकटचा: कॅमेऱ्याचा मेनू बदलणं. एचईव्हीसी १०-बिट ४:२:० लावलं, तर जुना एफ प्रोसेसर आणि हेच आरटीएक्स ३०६० ते फुटेज हसत उलगडतं. फोनवर घेतलेलं १०-बिट एचईव्हीसी या यंत्रावर कधी अडलं नव्हतं, ते याच कारणाने. ज्यांना एक रुपयाही घालायचा नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

४:२:२ नक्की कुठे हवं

अण्णांना हा चौथा रस्ता पटेना. महाग कॅमेरा घेतला तो ४:२:२साठी, आणि आता तेच बंद करायचं? पुतणीचा प्रश्न जास्त नेमका होता. "शालूचा लाल आणि जरीची कड, तिथं फाटल्यासारखं दिसंल का?"

उत्तर काम कोणतं यावर आहे. लग्नाची शेवटची फाइल बहुतेक वेळा १०८० रेषांची असते, पेनड्राइव्हवर आणि यूट्यूबवर जाते, आणि तीही ४:२:०च असते. फोर-के ४:२:०मध्ये रंगाची नोंद १९२० बाय १०८० इतकी असते. ते चित्र १०८०वर उतरवलं की प्रत्येक पिक्सेलला स्वतःची रंगाची नोंद मिळते. म्हणजे शालूच्या कडेचं नुकसान होत नाही. लग्नात खरी गरज १०-बिटची आहे: मंगल कार्यालयाच्या पिवळ्या उजेडात लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारायला मुद्दाम फिकं, घेतलेलं चित्र नंतर ओढताण करून सुधारायचं, तर ८-बिटमध्ये भिंतींवर पट्टे उमटतात. १०-बिट ठेवा, ४:२:२ सोडा.

नाटकाचं तसं नाही. हल्ली रंगमंचावर एलईडीचे गडद लाल, निळे झोत असतात. नट नुसत्या लाल प्रकाशात उभा असेल तर चेहऱ्याचा बराचसा तपशील रंगाच्या नोंदीतच असतो, आणि ती नोंद विरळ असली की गालाची, बोटांची कड दातेरी दिसते. शिवाय ही नाटकं फोर-केमध्येच जपायची आहेत, लहान करायची नाहीत. इथे ४:२:२साठी खर्च करणं योग्यच आहे. महापुरात एकदा सगळं गमावलेल्या माणसाला उरलेलं नाटक अर्ध्या रंगात जपा असं मी सांगणार नाही.

प्रत्यक्षात काय केलं

झालेल्या नाटकासाठी प्रॉक्सी. अण्णांच्या दोन कॅमेऱ्यांचंच फुटेज प्रॉक्सीला लावलं, यंत्र रात्रभर चालू ठेवलं. पुढच्या नाटकांसाठी प्रोसेसर १२५००. जुना एफ प्रोसेसर गेम खेळणाऱ्या एका मुलाने घेतला, त्याच्यासाठी तो उत्तमच आहे, आणि वरची भर मोठ्या कार्डाच्या किमतीच्या मानाने किरकोळ राहिली.

प्रोसेसर घातला, विंडोज सुरू झालं, आणि इंटेलचं ग्राफिक्स दिसेचना. वेगळं कार्ड असलं की बरेच मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद ठेवतात. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन ते चालू करावं लागतं. मेनूत बहुधा आयजीपीयू मल्टी-मॉनिटर अशा नावाने असतं. मॉनिटरची वायर मात्र एनव्हिडियाच्या कार्डालाच राहू द्यायची, ती हलवायची काही गरज नाही. मग इंटेलचा ड्रायव्हर, आणि शेवटी प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाच्या पानावर हार्डवेअर डिकोडिंगखाली इंटेलची खूण. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. टास्क मॅनेजरमध्ये आता दोन जीपीयू होते. भाड्याच्या कॅमेऱ्याची तीच क्लिप लावली, इंटेलच्या व्हिडिओ डिकोडचा आलेख चढला आणि प्रोसेसर खाली बसला.

एक अडचण कॅमेऱ्याच्या मेनूतून आली. अण्णांच्या कॅमेऱ्यांत फोर-के एचईव्हीसी २५ फ्रेमवर मिळतच नाही, ५० वरच मिळतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत असं आहे, तेव्हा आधी मेनू तपासावा. टाइमलाइन २५ची असली तरी फाइल ५० फ्रेमची असल्यावर डिकोडरला बहुतेक सगळ्या फ्रेम उलगडाव्याच लागतात, कारण एका फ्रेमचे तुकडे दुसरीतून उचललेले असतात.

इथे रॅमचा हिशोब पुढे आला. फोर-केची एक फ्रेम म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल. १०-बिट ४:२:२ उलगडल्यावर मेमरीत प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात, कारण १० बिटांना १६ बिटांची जागा दिली जाते. म्हणजे एक फ्रेम सुमारे ३३ एमबी. ५० फ्रेमना सेकंदाला १.६६ जीबी, तीन कॅमेऱ्यांचे जवळपास ५ जीबी. एनव्हिडियाच्या डिकोडरने उलगडलेलं चित्र कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत राहू शकतं. इंटेलने उलगडलेलं चित्र मात्र आधी यंत्राच्या रॅममध्ये पडतं, मग तिथून वाचून इफेक्टसाठी कार्डाकडे जातं. एकदा लिहिणं, एकदा वाचणं, म्हणजे १० जीबी, आणि डिकोडर आधीच्या फ्रेम पुन्हा पुन्हा वाचतो ते वेगळंच. ३२००ची एकच पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, तीही कागदावर, आणि त्यात प्रोसेसरचाही वाटा. दोन पट्ट्या असल्या की ती मर्यादा ५१.२ होते. त्याच मापाची दुसरी पट्टी घातली. एकट्या पट्टीवर तीन कॅमेरे लावले की अधूनमधून फ्रेम गळत होत्या, त्या बंद झाल्या. रॅम '१६ जीबी पुरे' असं म्हणताना ती किती पट्ट्यांत आहे हे कुणी विचारत नाही, आणि या प्रकारच्या कामात ते विचारायलाच हवं.

प्लेबॅक रिझोल्यूशन अर्ध्यावर ठेवण्याची पुतणीची सवय तशीच राहू दिली. त्याने इफेक्टचा भार कमी होतो. हार्डवेअर डिकोडरचा होत नाही, तो फ्रेम पूर्णच उलगडतो. हे माहीत असलं की अर्ध्याचं पाव करून काहीच का सुधारत नाही याचं कोडं पडत नाही.

आता कॅमेऱ्यांच्या बॅगेत मेनूच्या नोंदीचा कागद आहे. लग्न: एचईव्हीसी, १०-बिट, ४:२:०, ५० फ्रेम. पन्नास फ्रेमचा इथे फायदाच झाला, वरात आणि अक्षता संथ गतीत दाखवायच्या तर निम्मा वेग थेट मिळतो. नाटक: एचईव्हीसी, १०-बिट, ४:२:२. भाड्याचा कॅमेरा आला तरी चालवणाऱ्याने याच नोंदी लावायच्या.

एक गोष्ट पूर्ण सुटलेली नाही. प्लेहेड उलटा ओढला की एचईव्हीसी फुटेज अजून थोडं अडखळतं. स्वतंत्र फ्रेम अधूनमधूनच असते आणि मधल्या सगळ्या तिच्यावर आणि एकमेकींवर टेकलेल्या असतात. मागची एक फ्रेम हवी असेल तर डिकोडरला आधीच्या स्वतंत्र फ्रेमपर्यंत जाऊन तिथून पुन्हा पुढे यावं लागतं. कितीही वेगवान डिकोडर आणला तरी हे काम टळत नाही. कॅमेऱ्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र नोंदवण्याचा पर्याय आहे, पण तो एच.२६४ ४:२:२मध्येच आहे, या यंत्रातल्या दोन्ही डिकोडरांच्या यादीबाहेर, आणि फुटेजचा आकारही बराच वाढतो. दोन डिस्कवर जपायचं म्हटल्यावर अण्णांनी त्याला नकार दिला. संगीत नाटकात पदाच्या समेवर कट घेताना पुतणीला मागे-पुढे फार करावं लागतं, म्हणून तेवढ्या प्रवेशांची ती प्रॉक्सी बनवून घेते आणि बाकीचं नाटक मूळ फुटेजवरच कापते.